डाव्या पायाची दुमड

१४ जानेवारी

आई,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहून कळवते आहे. घडलं ते क्रमाने असं:

१. गुंडीचं ऑपरेशन ९ जानेवारीला झालं. सकाळी सव्वाआठला आत नेलं, साडेबाराला बाहेर आणलं.

२. डाव्या मांडीच्या हाडाचा गोळा खुब्याच्या खोबणीत नव्हता. तो आत बसवला आहे. खोबणी उथळ होती, म्हणून वरचं हाड थोडं कापून तिला छप्पर केलं आहे.

३. छातीपासून खाली प्लास्टर आहे. डावा पाय घोट्यापर्यंत, उजवा गुडघ्यापर्यंत. पाय फाकवलेले, आणि दोन्हींच्या मधे एक आडवा दांडा. शी-शूपुरती जागा मोकळी ठेवली आहे.

४. प्लास्टर एकूण बारा आठवडे. सहा आठवड्यांनी भूल देऊन बदलतील. आतली स्थिती तेव्हा कळेल.

५. वय दोन वर्षं तीन महिने. वजन प्लास्टरसकट चौदा किलो सहाशे ग्रॅम.

६. दुखतं. औषध दर सहा तासांनी.

७. नोव्हेंबरात निदान झालं तेव्हा तू सोबत होतीस. ते परत लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तू कात्री आणि टेप घेऊन मावशीकडे गेलीस. त्यानंतरचं वर आलं आहे.

८. मी तीन महिने रजेवर आहे. तुझा जावई सकाळच्या पाळीला जातो, तीनला येतो.

माझी अपेक्षा काही नाही. नातीचं आजीला कळायला हवं म्हणून कळवलं.

तिच्या अंगात आता एकही कपडा जात नाही. सध्या चादर गुंडाळते. हेही माहितीसाठीच.


२५ जानेवारी

आई,

उत्तर आलं नाही. पत्र पोचल्याचं मावशीकडून कळलं. ती म्हणाली, "वाचलं गं तिने. दोनदा वाचलं. मग चष्मा पुसत बसली." चष्मा पुसणं हे मला उत्तर म्हणून धरता येत नाही.

विचारलं नाहीस, तरी इथलं लिहिते.

दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. पोटावर, पाठीवर, पुन्हा पोटावर. दांड्याला धरून उचलायचं नाही असं परिचारिकेने तीनदा बजावलं होतं, आणि पहिल्याच दिवशी माझा हात नेमका तिथेच गेला, कारण तो दांडा पिशवीच्या मुठीसारखा दिसतो. लहान डायपर प्लास्टरच्या आत सरकवायचा, वरून मोठा बांधायचा. प्लास्टरच्या कडा मांडीला कापतात, म्हणून त्यांवर चिकटपट्टीचे तुकडे पाकळ्यांसारखे लावलेत. आत खाज आली तर काहीही घालून खाजवायचं नाही. केस वाळवायच्या यंत्राने गार हवा सोडायची. पायाची बोटं दाबून पाहायची. पांढरी पडतात, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवीत. मी वेळ आणि सेकंद वहीत लिहिते.

तुझा जावई वही बघून म्हणाला, "अगं, पोरगी आहे, तपासणीला आलेली लिफ्ट नाही." पण मी अंघोळीला गेले की तोही भरतो. त्याच्या सेकंदांना नेहमी 'अंदाजे' असतं.

त्याने कामावरून चार छोटी चाकं आणून एका फळीला लावली. गुंडी तिच्यावर पोटावर पडते आणि हातांनी जमीन ढकलत या खोलीतून त्या खोलीत जाते. उंबरठ्याशी अडते. मग मोठ्याने म्हणते, "ढकला!" ज्याला ऐकू येईल त्याने यायचं.

प्लास्टरला ती भिंत म्हणते. पहिल्या दिवशी भुलीतून बाहेर आल्यावर तिने पोटावर हात आपटून पाहिला आणि मला म्हणाली, "आई, भिंत बसली. उठ सांग तिला."

नणंदबाई येऊन गेल्या. दारातूनच, "अगंबाई, लेकराला सिमेंटात घातलंय की काय!" मग गुंडीला हसवलं, गाणी म्हटली, आणि चहा घेताना हळूच विचारलं, "तुझी आई कुठाय? अशा वेळी?" मी म्हटलं, मावशीची तब्येत बरी नाही. मावशीला सांगून ठेव, नाहीतर कुठेतरी भेटतील आणि ठणठणीत दिसेल ती.

गुंडी रोज विचारते. आमचं बोलणं रोज तेच असतं.

"आजी?"

"कामावर गेली."

"कात्री नेली?"

"हो."

"टेप पण?"

"हो."

"मग माझं माप?"

इथे मी तिला केळं देते.

मापं खाली देते. छातीपाशी प्लास्टरचा घेर ५६ सेंटीमीटर, कमरेपाशी ५८. डावी मांडी ३७, उजवी ३६. दोन्ही गुडघ्यांमधलं अंतर ४०. छातीपासून आसनापर्यंत ३१. प्रत्येक माप तीनदा घेतलं. प्लास्टर हलत नाही, वळवळत नाही, त्यामुळे मापं खात्रीची आहेत.

दुकानांत शोधलं. असं काही मिळत नाही. शिवशील तर शीव.


८ फेब्रुवारी

आई,

पार्सल मिळालं. तीन विजारी, दोन झबली.

विजारींना गुंड्यांऐवजी दोन्ही बाजूंना वरपासून खालपर्यंत बंद आहेत, त्यामुळे तिला न हलवता खालून सरकवून बांधता येतात. पाठीकडचं कापड दुहेरी आहे. दांड्याच्या जागी खाच ठेवून तिला पट्टी लावली आहेस. दांड्याचं माप मी पाठवलं नव्हतं. दांडा आहे एवढंच पहिल्या पत्रात होतं. खाच बरोबर बसते.

पिशवी उलटी करून झटकली. चिठ्ठी नव्हती.

गुंडीने कापड नाकाला लावलं आणि "आजीची पेटी" म्हणाली. तेल आणि खडू, दोन्हींचा वास येतो. विजार धुवायला काढली की ती आता रडते, म्हणून दोनच वापरते आणि तिसरी तिच्या उशाशी असते.

इथपर्यंतचं पत्र परवा लिहिलं होतं. पुढचं आज लिहिते.

नवे कपडे ठेवायला कपाटाचा खालचा कप्पा रिकामा केला. जुने, लहान झालेले काढले. अकरा विजारी, सगळ्या तुझ्या हातच्या. टेबलावर एकीवर एक रचताना एक गोष्ट दिसली, म्हणून सगळ्या सुट्या मांडल्या आणि पट्टी आणली.

डावा पाय आखूड आहे. प्रत्येक विजारीचा. सगळ्यांत लहान विजार ती सहा महिन्यांची असतानाची. तिच्यात फरक सहा मिलिमीटर. पहिल्या वाढदिवसाची लाल, नऊ मिलिमीटर. चालायला लागली तेव्हाची रेघांची, बारा. गेल्या ऑक्टोबरातली निळी, सतरा.

निळीची दुमड उसवून पाहिली. आत दोन्ही पाय सारखेच कापलेले आहेत. म्हणजे तू आधी सारखं बेतायचीस, तिला घालून उभी करायचीस, आणि मग डावीकडे जास्त आत घ्यायचीस. उजव्या पायाला मशीनची टीप आहे. डाव्याला हातशिलाई, इतकी बारीक की बाहेरून टाका दिसत नाही.

आई, तुला माहीत होतं. वीस महिने माहीत होतं, आणि दर दोन महिन्यांनी ते किती वाढतंय तेही माहीत होतं. माझ्या घरात, माझ्या कपाटात, त्याची नोंद होती, आणि ती तू दुमडून शिवून टाकलीस.

विजारीची एक बाजू खाली लोळली असती तर कुणीतरी विचारलं असतं. मी, नाहीतर नणंदबाई, नाहीतर जिन्यात भेटणारं कुणीही. "अगं, हिची एक बाजू लोळतेय." एवढं पुरलं असतं. पण दोन्ही कडा नेहमी एका रेषेत. चालताना डावीकडे झुकायची, तर आपण सगळे म्हणायचो, कशी ठुमकत चालते बघा.

आमच्या मोजमापाच्या प्रयोगशाळेत याला पुरावा दडवणं म्हणतात.

का सांगितलं नाहीस? या प्रश्नाचं उत्तर मला हवं आहे.

तू एकदा सांगितलं होतंस, ते मला आठवतं. त्याबद्दल आत्ता लिहीत नाही.


२१ फेब्रुवारी

आई,

काल प्लास्टर बदललं. सकाळी सात ते अकरा. मधल्या वेळात खुब्याचे एक्स-रे फोटो काढले आणि नवं घातलं. ते निळं आहे. रंग तिने निवडला. भूल उतरल्यावर म्हणाली, "नवी भिंत."

फोटोत असं आहे: गोळा खोबणीत आहे, पण जिथे असायला हवा तिथे नाही. बाहेरच्या बाजूला सरकलेला आहे. मोठ्या डॉक्टरांनी फोटो दिव्यावर धरून बोटाने दाखवलं. अजून सहा आठवडे वाट बघू म्हणाले. आत बसला तर बसला, नाहीतर पुन्हा उघडावं लागेल. आणि दोन्ही वेळा नीट झालं तरी थोडं लंगडणं राहू शकतं. किती, असं मी विचारलं. "ते आत्ता नाही सांगता येणार," म्हणाले. मी पुन्हा विचारलं, किमान किती, कमाल किती. तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही घरी जाऊन झोपा थोडं."

ती आत असताना एक तरुण डॉक्टरीण फॉर्म भरायला आली होती. माझ्याएवढीच असेल. जन्म कसा झाला, पायाळू होती का, घरात कुणाला असं होतं का, सगळं विचारत विचारत शेवटी म्हणाली, "सुरुवातीला कुणाच्या काही लक्षात आलं होतं?"

हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला. या वेळी मी खरं उत्तर दिलं. तिला जे सांगितलं तेच तुला लिहिते. तुला ते माहीत आहे, पण मी ते मान्य करते आहे हे तुला माहीत नाही.

गुंडी पाच महिन्यांची होती. मार्च महिना. मी नुकतीच कामावर परत जायला लागले होते. संध्याकाळी आले तर तू तिला मांडीवर आडवी घेऊन, नवी विजार घालून बसली होतीस.

"अगं, हिची डावी तंगडी आखूड पडतेय. अर्धं बोट."

मी म्हटलं, "कापड चुकलं असेल."

"चाळीस वर्षं झाली कात्री धरून. माझं कापड चुकत नाही. तू पोरीकडे बघ."

"बघून काय कळणार? मोजायला पाहिजे."

"मग मोज की. त्याचंच शिकलीयेस ना!"

मी पिशवीतली पोलादी टेप काढली. तू पाय सरळ धरलेस, मी मोजलं. दहा वेळा. ती लाथा झाडत होती, तुला हसू येत होतं. एकदा डावा अकरा मिलिमीटर आखूड आला, एकदा तीन मिलिमीटर लांब. सरासरी चार. मी म्हटलं, एवढी तर मोजण्यातलीच चूक आहे, फरक आहे असं म्हणता येत नाही.

मग मी कामाच्या वहीतला एक कागद फाडला आणि त्यावर आमच्या प्रमाणपत्रासारखं लिहिलं. 'वस्तू: पाय, दोन. निष्कर्ष: समान. तपासणारी:' आणि माझी सही. चिकटपट्टीने तुझ्या मशीनच्या वर भिंतीला लावलं. तू वाचून म्हणालीस, "झालं तर मग. साहेबांनी सही केली." आपण दोघी हसलो.

इतरांच्या मोजपट्ट्या नीट मोजतात की नाही हे तपासणं हे माझं काम आहे. नवीन आलेल्या माणसांना पहिल्या आठवड्यात मी एकच गोष्ट शिकवते. फरक सापडला नाही, याचा अर्थ फरक नाही असा लिहायचा नाही. तुमची पट्टी त्या कामाला पुरली नाही, एवढंच लिहायचं, आणि चांगली पट्टी असेल तिकडे पाठवायचं. असा रिपोर्ट माझ्या टेबलावर आला तर मी तो परत पाठवते. एका मुलाला मी यावरून सगळ्यांसमोर बोलले होते.

पुढच्या आठवड्यात लस होती. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "काही शंका?" तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हटलं, नाही.

तरुण डॉक्टरणीने हे सगळं लिहून घेतलं नाही. फॉर्ममध्ये तेवढी जागा नव्हती. मी तिला विचारलं, तेव्हा, पाच महिन्यांची असताना आणलं असतं तर? ती म्हणाली, "तेव्हा बहुतेक मुलांना पट्ट्यांवर भागतं. खांद्यावरून पट्टे असतात, पाय वर धरून ठेवतात. दोन-तीन महिने." मी विचारलं, कापावं लागत नाही? ती म्हणाली, "बहुतेकांना नाही." आणि मग, "पण तुम्ही असा विचार करू नका." ते कसं करायचं नाही, ते तिने सांगितलं नाही.

आता पहिल्या पत्रातला सातवा मुद्दा. 'ते परत लिहीत नाही' असं मी लिहिलं होतं.

नोव्हेंबरात मोठ्या डॉक्टरांनी पहिला फोटो दाखवला आणि विचारलं, "इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?" तू माझ्या डाव्या हाताला बसली होतीस. गुंडी तुझ्या मांडीवर, पायाशी तिची पिशवी. मी म्हटलं, "मी दिवसभर कामावर असते. आई सांभाळते. आईच्या लक्षात यायला हवं होतं."

त्या पिशवीत तिची बदलायची विजार होती. ती निळी. तुला ती काढून टेबलावर ठेवता आली असती. मी आता मनात ते अनेकदा पाहिलं आहे: तू विजार काढतेस, दुमड उलटी करून डॉक्टरांना दाखवतेस. पण तू वाकलीस ते पिशवीची चेन लावायला. तोंडातून एक शब्द काढला नाहीस. घरी येईपर्यंत नाही, घरी आल्यावरही नाही. सकाळी उठले तर पेटीतली कात्री नव्हती.

गेल्या पत्रात मी विचारलं होतं, का सांगितलं नाहीस. त्याचं उत्तर मला पाठव म्हटलं होतं. राहू दे. मला ते सापडलं आहे.

मी शाळेत असताना एक गिऱ्हाईक यायचं, बँकेतले साहेब. त्यांचा एक खांदा उतरलेला होता. तू त्यांच्या कोटाला एका बाजूला जास्तीचा कापूस भरायचीस. मी विचारलं, त्यांना सांगतेस का? तू कातरता कातरता म्हणालीस, "माणसाचं वैगुण्य कापडात जिरवायचं. तोंडाने बोलून दाखवायचं नाही. तेवढ्यासाठीच येतात लोक आपल्याकडे." ते साहेब आरशात बघून खूश व्हायचे.

मला वाटलं होतं, ते फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे. तू एकदा बोललीस, मी प्रमाणपत्र लावलं, आणि त्या दिवसापासून मी तुझं गिऱ्हाईक झाले. वीस महिने तू जे जिरवत होतीस त्यात पोरीचा पाय होता, तसं माझं लिहिलेलंही होतं.

तरी सांगायला हवं होतंस. हे मी मागे घेत नाही. ओरडायला हवं होतंस माझ्यावर.

पण मी डॉक्टरांसमोर जे म्हटलं ते खोटं होतं. ते मी मागे घेते.


१५ मार्च

आई,

तुझं कार्ड आलं. मी पाकीट उघडायच्या तयारीने कात्री शोधत होते, आणि ते नुसतंच कार्ड होतं. एक ओळ. 'प्लास्टर निघाल्यावर लागतील म्हणून बेतते आहे. दोन्ही पाय सारखे शिवू का?'

हे कार्ड चार दिवस माझ्या समोर आहे. तुझा जावई दोनदा म्हणाला, "हो लिही आणि टाकून दे. आज्जीबाईंनी एवढं विचारलंय." मला लिहिता आलं नाही.

आधी गुंडीचं सांगते.

खाणं ठीक. मांडीच्या मागे कडेशी एक लाल चट्टा आला होता, गेला. वजन तीनशे ग्रॅमने वाढलं. बोटं गुलाबी. आजकाल ती सगळ्यांची मापं घेते. तू पाठवलेल्या झबल्याचा एक बंद सुटून आला होता, तो तिची टेप. फळीवरून येते आणि म्हणते, "उभी राहा. हलू नको." खुर्चीचं, बादलीचं, बाबाच्या बुटाचं, सगळ्यांचं माप घेऊन झालं. माझ्या गालावर बंद धरून म्हणाली, "आई आखूड." नंतर माझं तोंड बघून म्हणाली, "थोडीच."

तुझ्याबद्दल आता विचारत नाही. गेले सतरा दिवस एकदाही नाही. मी मुद्दाम म्हणून बघितलं, आजी कामावर गेली. ती "बरं" म्हणाली आणि बादलीकडे गेली.

गेल्या रविवारी तिला फोनवर तिचाच व्हिडिओ दाखवला. सप्टेंबरातला, आपल्या जिन्यासमोरचा. निळ्या फरशीवर ती चालते आहे, हातात तुझा चष्मा. तिने पूर्ण पाहिला, मग मला विचारलं, "ही कोण?"

मी म्हटलं, तूच.

ती हसली. म्हणाली, "नाही. ती चालते."

ती झोपल्यावर मी तो पुन्हा पाहिला. एकतीस पावलं आहेत. त्यांतल्या प्रत्येक डाव्या पावलाला खांदा खाली जातो. एकही सुटलेलं नाही. हे बघायला पट्टी लागत नव्हती. मागे तुझा आवाज आहे, "सावकाश गं, माझी गुंडी, सावकाश." त्याच्यावर माझं हसू आहे.

एवढ्यासाठी मला 'हो' लिहिता येत नाही. 'नाही'ही येत नाही. ३ एप्रिलला सकाळी दहाला प्लास्टर कापतील आणि लगेच फोटो काढतील. त्याआधी मी जे काही लिहीन ते पुन्हा तसलंच प्रमाणपत्र होईल. म्हणून तुझ्या ओळीला माझं उत्तर असं: मला माहीत नाही.

प्लास्टर निघालं की तिचे पाय बारीक आणि कातडं सालपटलेलं असेल म्हणे. ती घाबरेल, कारण भिंत गेली की आत काय असतं ते ती विसरली आहे. पाय हलवायला लावायचे नाहीत, आपणहून हलवील. सरळ करायला काही दिवस जातील. मग कधीतरी कुणाला तरी तिला मांडीवर आडवी घेऊन, दोन्ही पाय धरून, माप घ्यावं लागेल.

मी घेणार नाही. मी पाय धरीन.

तू टेप घेऊन ये. तुझी, कापडी. माप घे, आणि जे दिसेल ते तोंडाने बोल. माझ्यासमोर, डॉक्टरांसमोर, नणंदबाई असल्या तर त्यांच्यासमोरही. फरक असला तर किती तो आकडा सांग. विजार तशी शीव किंवा नको शिवूस, पण दुमड मला दाखवल्याशिवाय घालू नकोस.

अजून एक. मशीन मी पुसून तेल घालून ठेवलं आहे. त्याच्या वर भिंतीला चिकटपट्टीचे चार तुकडे आहेत, कागद नाही. घरात कुणी काढलेला नाही, मी विचारलं. म्हणजे कात्री आणि टेपबरोबर तूच नेलास. फाडला नसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तो घेऊन ये. आमच्याकडे चुकलेला रिपोर्ट फाडत नाहीत, खोडूनही काळा करत नाहीत. चुकलेल्या शब्दावर एकच रेघ मारतात, खालचं वाचता आलं पाहिजे अशी, आणि शेजारी बरोबर काय ते लिहून तारीख घालून सही करतात. मला ते करायचं आहे. 'समान'च्या शेजारी काय लिहायचं ते तू मोजल्यावर ठरेल.

गोळा आत बसला नसला तर पुन्हा ऑपरेशन, पुन्हा बारा आठवडे. ३ एप्रिलला ते कळेल तेव्हा तुझा जावई पाळीमुळे तिथे नसेल. मी एकटी असेन.

गाडी सकाळी साडेसहाची आहे, मावशीला विचारलं. तिच्या घरापासून रिक्षा मिळते. इथे मी उतरवून घेईन.

येतेस की नाही, एवढं २८ मार्चपर्यंत कळव.

तुझी,
मुलगी